ओहोटीचे अभयारण्य

साष्टी बेट आणि कोकणची मुख्य भूमी यांच्यामधून समुद्राचा जो फाटा उत्तरेकडे शिरतो, जो मुंबई बंदराच्या मुखाशी ऐसपैस पसरलेला असतो आणि ठाणे शहरापाशी उल्हास नदीच्या पाण्याला जेमतेम भेटण्याइतका अरुंद होऊन जातो, त्या ठाण्याच्या खाडीविषयी गेल्या तीस वर्षांत जेवढे लिहिले आणि बोलले गेले तेवढे त्यापूर्वीच्या तीनशे वर्षांत गेले नसेल. वस्तुतः इतिहासाने तिची उपेक्षा केली असे नाही. तिच्या काठचा ठाण्याचा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास येऊन थांबली ती याच पाण्याच्या अलीकडे, आणि पुढच्याच वर्षी पूल बांधून तिला कल्याणपर्यंत नेण्यात आले. परंतु किल्ला, रेल्वे, मिठागरे आणि कोळीवाडे यांच्या निमित्ताने जिचा उल्लेख होई ती खाडी आज ओळखली जाते ती एका पक्ष्यामुळे. आणि हा पक्षी इतका देखणा, इतका बहुसंख्य आणि छायाचित्रकारांना इतका सोयीचा आहे की खाडीच्या प्रकृतीची विचारपूस करणारा जो तो त्याच्याकडे बोट दाखवून समाधान पावतो. हे समाधान कितपत साधार आहे, हाच प्रस्तुत आढाव्याचा विषय.

प्रथम सरकारी दप्तरातील स्थिती पाहू. महाराष्ट्र शासनाने ६ ऑगस्ट २०१५ रोजी अधिसूचना काढून ऐरोली पूल व वाशी पूल यांच्या दरम्यानचा खाडीचा पश्चिमेकडील, म्हणजे मुंबईच्या पूर्व उपनगरांना लागून असलेला भाग ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून जाहीर केला. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर; त्यांपैकी ८९६ हेक्टर कांदळवन, आणि उरलेले पाणी व ओहोटीला उघडे पडणारे चिखलाचे पट्टे. मालवणनंतरचे राज्यातील हे दुसरे सागरी अभयारण्य होय. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्याभोवतीचा सुमारे ४८ चौरस किलोमीटरांचा मुलूख पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र म्हणून नोंदला गेला, आणि २०२२ साली ही दोन्ही क्षेत्रे मिळून सुमारे साडेसहा हजार हेक्टरांची खाडी रामसर यादीत दाखल झाली. इराणमधील रामसर गावी १९७१ साली झालेला पाणथळ भूमींविषयीचा करार भारताने १९८२ मध्ये स्वीकारला. त्यानुसार महाराष्ट्रात आजवर मान्यता पावलेल्या स्थळांत नांदूरमधमेश्वर पहिले, लोणार दुसरे आणि ठाण्याची खाडी तिसरी. या तिघांचे कूळ पाहिले तर गंमत वाटते : पहिले गोदावरीवरच्या बंधाऱ्याने घडविले, दुसरे आकाशातून पडलेल्या उल्केने, आणि तिसऱ्याला नावारूपास आणण्यात एका महानगराच्या सांडपाण्याचा वाटा मोठा आहे. हे विधान काहींना अनुदार वाटेल, परंतु त्याची रुजुवात पुढे होईलच.

खाडीचा व्यवहार समजावयाचा तर तो कोळ्यांच्या पंचांगाने समजून घ्यावा लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाला पाणी साडेचार मीटरांच्या वर चढते आणि तितक्याच आवेगाने उतरते, भांगाला ते अर्धवट चढून अर्धवट उतरते. दिवसातून दोनदा चढणाऱ्या-उतरणाऱ्या या पाण्यामुळे खाडीचा तळ दिवसातील काही तास जमीन असतो आणि काही तास समुद्र. उत्तरेकडील तोंड अरुंद, गोड्या पाण्याचा मोठा पुरवठा फक्त पावसाळ्यात, दोन्ही काठांना भराव आणि मध्ये पुलांचे खांब. यामुळे गाळ वाहून जाण्यापेक्षा साचण्याकडे तिचा कल वाढत गेला, आणि जिथे पूर्वी गलबते सहज जात तिथे आता ओहोटीला लहान होडीही रुतून बसते.

या गाळावर प्रथम हक्क सांगितला तो तिवरांनी. कोकणात कांदळवन म्हणून जे ओळखले जाते त्यात कांदळ, चिपी, किरकिरी, काजळा, गेवा, मारांडी अशा कित्येक जाती असल्या तरी ठाण्याच्या खाडीत बहुमत तिवरांचेच, कारण खारटपणा आणि घाण ही दोन्ही सोसण्याची त्यांची शक्ती इतरांना नाही. ओहोटीच्या वेळी तिवराच्या बुंध्याभोवती वीतभर उंचीच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या शेकडो मुळ्या चिखलातून सरळ वर आलेल्या दिसतात. वरचा पातळ थर सोडला तर हा चिखल काळाकुट्ट आणि प्राणवायूविरहित असतो, काठी खुपसून काढली तर कुजक्या अंड्यांचा दर्प येतो. म्हणून झाडाची मुळे श्वासासाठी हवेत येतात. पान उलटे करून बोट फिरविले आणि ते जिभेला लावले तर मीठ लागते, कारण शोषलेला क्षार हे झाड पानांच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. बीही झाडावर असतानाच अंकुरू लागते, म्हणजे भरतीबरोबर खाली पडलेल्या फळाला रुजण्यासाठी एकाच ओहोटीचा अवकाश मिळाला तरी पुरे व्हावे. २०२० साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. खाडीत तो मान तिवराने कोणाच्या घोषणेवाचून मिळविला आहे.

कांदळवनाकडे राज्यकर्त्यांनी शेकडो वर्षे पडीक म्हणून पाहिले. कोकणात खारबंदिस्तीचा शिरस्ता जुना : समुद्राला बांध घालून खाजण लागवडीस आणणाऱ्यास कौल मिळे, पहिली काही वर्षे सारा माफ असे आणि मग तो चढत्या दराने लागू होई. त्या काळी ते शहाणपणाचेही होते, कारण लोकवस्ती विरळ आणि भाताची जमीन मोलाची होती. परंतु तीच वृत्ती भातावरून मिठावर, मिठावरून कारखान्यांवर आणि कारखान्यांवरून इमारतींवर सरकत गेली, तेव्हा ‘पडीक’ या एका शेऱ्याखाली खाडीच्या काठाची वासलात लागू लागली. देवनारचा कचरा डेपो १९२७ पासूनचा. मुलुंड आणि कांजूरमार्ग येथील नंतरचे. पूर्व काठी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा १९६० च्या दशकात उभा राहिला आणि त्याच्यामागून नवी मुंबई आली. या सर्व काळात विक्रोळीच्या बाजूचे कांदळवन गोदरेज उद्योगसमूहाने आपल्या खाजगी जमिनीवर राखले, ही नोंद करणे न्यायाचे आहे. सरकारला जे सुचण्यास उशीर झाला ते एका कारखानदाराला आधी सुचले.

सरकारला जाग आणली ती न्यायालयाने. पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी दिलेल्या अंतरिम आदेशाने राज्यभर कांदळवनाच्या तोडीस आणि त्याच्या सभोवतालच्या ५० मीटरांतील बांधकामास मनाई केली, सरकारी जमिनीवरील कांदळवने संरक्षित वने म्हणून नोंदविण्यास फर्माविले, आणि २०१८ च्या सप्टेंबरमध्ये अंतिम निकालाने ते कायम केले. दरम्यान जानेवारी २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. महसूल खात्याच्या सातबाऱ्यावरून वनखात्याच्या नकाशावर जमीन आणण्याचे हे काम किती किचकट असते, हे ज्याने कधी तहसील कचेरीत हेलपाटे घातले असतील त्यास सांगणे नको. तरीही ते बऱ्याच प्रमाणात झाले, आणि उपग्रहांच्या चित्रांत या खाडीचे कांदळवन आक्रसलेले नव्हे तर पसरलेले दिसते. मात्र ते पसरले ते गाळावर, आणि गाळाचा तोच पट्टा पाखरांच्या पंगतीचे स्थान असल्यामुळे एका संवर्धित वस्तूने दुसरीच्या ताटावर अतिक्रमण करावे असा पेच उभा राहिला. तिवरे लावण्याचे जे उत्साही कार्यक्रम वेळोवेळी होतात त्यांच्या आयोजकांनी हा पेच लक्षात घेतलेला क्वचितच दिसतो. उघडा चिखल म्हणजे झाडे लावावयाची राहून गेलेली जागा अशीच त्यांची समजूत असते.

आता त्या पक्ष्याकडे वळू. आपल्याकडे फ्लेमिंगोच्या, म्हणजे रोहिताच्या, दोन जाती आहेत. थोरला रोहित चार-पाच फूट उंचीचा, फिकट, चोच गुलाबी आणि टोकाशी काळी. धाकटा जेमतेम तीन फुटांचा, परंतु रंगाने गडद, चोच काळपट तांबडी. ठाण्याच्या खाडीत गर्दी धाकट्याची. दोघांचीही आहारपद्धती पक्षिकुळात जगावेगळी आहे : मान वाकवून पक्षी चोच उलटी करतो, म्हणजे वरचा जबडा खाली येतो, आणि जाड मांसल जिभेच्या वेगवान हालचालीने पाणी आत ओढून बाहेर फेकतो, चोचीच्या कडांना केसांसारख्या बारीक पटलांची जी जाळी असते तिच्यात अन्न अडकते. थोरल्याची जाळी भरड, म्हणून त्याला कोळंबीवर्गीय बारीक जीव, शिंपल्यांची पिले, कृमी असा जाडाभरडा शिधा लागतो. धाकट्याची जाळी इतकी सूक्ष्म की त्याचा निर्वाह मुख्यतः नीलहरित शैवालांवर आणि एकपेशीय डायाटमांवर होतो. यामुळेच एकाच चिखलात दोघे शेजारी शेजारी जेवले तरी त्यांच्यात तंटा होत नाही. पिसांचा गुलाबी रंगही या शिध्यातील कॅरोटिन द्रव्यांचा. पिल्लू जन्मतः करड्या पिसांचे असते आणि त्याला पुरते रंगण्यास दोन-तीन वर्षे लागतात.

रोहितांची भारतातील मुख्य वीण कच्छच्या रणात होते. तेथील ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणून ख्यात असलेली वसाहत डॉ. सालिम अली यांनी १९४५ साली पाहिली आणि तिचे वर्णन केले, तेव्हापासून ती पक्षिशास्त्रात प्रसिद्ध आहे. मुंबईकडे मात्र हे पक्षी मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९० च्या दशकाच्या मध्यापासून, प्रथम शिवडी-माहुलच्या किनाऱ्यावर आणि मग खाडीत वर वर. नोव्हेंबर-डिसेंबरात ते येतात, पावसाच्या तोंडावर जातात. अलीकडे काही थवे उशिरापर्यंत रेंगाळतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०१९ च्या जानेवारीत केलेल्या गणनेत त्यांची संख्या एक लाख वीस हजारांच्या घरात गेली होती. २०२२ साली याच संस्थेने काही पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली उपकरणे बसविली, आणि ते गुजरातकडे जातात हे जे अनुमानाने मानले जाई ते नकाशावर उमटले.

ते का आले, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सौंदर्यदृष्टीला फारसे सुखावणारे नाही. पूर्व उपनगरांचे सांडपाणी, अंशतः शुद्ध केलेले आणि पुष्कळसे न केलेले, दशकानुदशके खाडीत सोडले गेले. त्यातील नत्र व स्फुरद या खतद्रव्यांनी शैवालांना अमाप पोषण मिळाले. अरुंद तोंडामुळे आणि मंदावलेल्या प्रवाहामुळे ही द्रव्ये समुद्रात लवकर गेली नाहीत. गाळाचे पट्टे विस्तारले आणि त्यांच्यावर शैवालांचा थर वाढला. धाकट्या रोहिताला याहून अधिक काय हवे? म्हणजे ज्या प्रक्रियेने खाडीतील मासे कमी झाले तिनेच रोहित आणले. तेव्हा एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत नवी मुंबईच्या तळ्यांवर पसरलेल्या गुलाबी थव्यांची छायाचित्रे जगभर फिरली आणि निसर्गाने आपले राज्य परत घेतल्याचा जो आनंद व्यक्त झाला, तो भाबडा म्हणावा लागेल : पक्षी त्याआधीही येत होते, फक्त खिडकीपाशी उभे राहून पाहण्यास माणसांना सवड नव्हती. रोहितांची गर्दी हे खाडीच्या आरोग्याचे प्रशस्तिपत्र नव्हे. ती खाडीत किती खत जाते याची नोंद आहे, आणि औद्योगिक पट्ट्यातून आलेल्या जड धातूंविषयी तर ती काहीच सांगत नाही.

आरोग्य पाहावयाचे तर नजर अधिक खाली, चिखलाशी न्यावी लागते. तेथे निवटी असते. वीतभरही नसलेला, डोळे डोक्याच्या माथ्यावर असलेला हा मासा ओहोटीला पाण्याबाहेर राहतो, पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून उड्या मारतो, ओल्या त्वचेतून आणि तोंडातील ओलाव्यातून श्वास घेतो, आणि धोका वाटताच बिळात शिरतो. त्या बिळात हात घालून निवटी पकडणे हे कोळी स्त्रियांचे परंपरागत कसब. निवटीचे कालवण ही खाडीकाठच्या घरांतली आवडती चीज. तीच गत चिंबोरी, कोळंबी, खुबे, कालवे, बोय आणि जिताडा यांची. दिवा, घणसोली, वाशी, सारसोळे येथील कोळ्यांकडे आणि पलीकडे ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात ज्या म्हाताऱ्यांनी आयुष्यभर पाग फेकला त्यांना विचारले तर खाडीचा इतिहास ते माशांच्या नावांनी सांगतात, आणि त्या कथनात क्रियापदे भूतकाळी असतात. माझ्या मते या साक्षीचे मोल कोणत्याही गुलाबी थव्याहून अधिक आहे, आणि अभयारण्याच्या व्यवस्थापनाने दरवर्षी रोहितांबरोबर निवटीचीही मोजदाद करावी.

पाण्याचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताची पुरेशी तजवीज करावी, असे वन्यजीव संरक्षण कायद्यातच आहे. २०१५ साली खाडीकाठच्या गावांतून जी शंका व्यक्त झाली ती याच मुद्द्यावर होती : पाखरांसाठी हद्द आखली तर आमच्या जाळ्याची हद्द कोठे? अद्याप तसा मोठा संघर्ष उद्भवलेला नाही. ऐरोलीला २०१७ मध्ये सुरू झालेल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ज्या होड्या रोहित दाखविण्यास भरतीच्या वेळा पाहून निघतात त्यांवर स्थानिकांना काम मिळाले, खेकडापालनासारख्या योजना आल्या. परंतु होडीतून पर्यटक फिरविणे हा मासेमारीचा पर्याय आहे की मासे संपल्याची भरपाई, याविषयी कोळीवाड्यांत एकवाक्यता नाही, आणि ती नसावी यात नवल नाही.

रोहितांच्या तेजापुढे जे झाकले जातात त्या इतर जीवांचा उल्लेख केल्यावाचून हा आढावा अपुरा राहील. रामसरच्या नोंदीत या खाडीत दोनशेच्या वर पक्षिजाती आहेत. शेकाट्या, उचाट्या, चिखल्या, तुतवार, शराटी, चित्रबलाक, राखी बगळा, कुरव, सुरय, खंड्या आणि माशांवर झडप घालणारी मोरघार. या पंगतीत सर्वांत विस्मयकारक कोणी असेल तर तो छोटा टिलवा. वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, आणि वीण उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात! तेथून हजारो किलोमीटर उडत येऊन तो भांडुप-विक्रोळीच्या चिखलात हिवाळा काढतो आणि वसंतात परततो. त्याच्याकडे दुर्बीण क्वचितच वळते. कांदळवनात सोनेरी कोल्हेही आहेत. रात्री तिवरांच्या कडेने खेकडे-मासे शोधीत आणि कचऱ्यावरही ताव मारीत ते वावरतात, आणि विक्रोळी-कांजूरच्या इमारतींत राहणाऱ्या अनेकांना आपल्या शेजाराची वार्ताही नसते. अलीकडे वन विभागाने त्यांचा अभ्यास हाती घेतला तो योग्यच, कारण भटक्या कुत्र्यांच्या सान्निध्यातून रेबीजचा शिरकाव या एवढ्याशा समूहात झाला तर तो अल्पावधीत नामशेष होऊ शकतो. २०२४ साली चेंबूरच्या बाजूस असे रुग्ण कोल्हे आढळलेही.

या सर्व मीमांसेनंतर अभयारण्याच्या रचनेतील मूळ दोषाकडे येतो. अभयारण्याची सीमा नकाशावर आखलेली आहे. पक्ष्यांचे जीवन भरती-ओहोटीने आखलेले आहे. ओहोटीला चिखल उघडा पडला की रोहित व पाणपक्षी खाडीत उतरून चरतात. परंतु दिवसातून दोनदा हा चिखल पाण्याखाली जातो, आणि उधाणाच्या वेळी तर पुरता बुडतो. तेव्हा या हजारो पक्ष्यांनी जायचे कोठे? ते जातात काठच्या उथळ पाण्याकडे : भांडुपच्या मिठागरांकडे, नेरुळच्या डीपीएस शाळेमागील तळ्याकडे, एनआरआय संकुलामागील आणि टी. एस. चाणक्य संस्थेजवळील पाणथळांकडे, आणि दक्षिणेस उरणच्या पाणजे, बेलपाडा, भेंडखळ येथील दलदलींकडे. तेथे ते उभे राहतात, पिसे साफ करतात, विसावतात आणि पाणी उतरण्याची वाट पाहतात. या विश्रांतिस्थळांपैकी बहुतेक सर्व अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. पक्ष्याच्या दिवसातील एक प्रहर आपण कायद्याने राखला आणि दुसरा राखलाच नाही. खुद्द शिवडीचा किनारा, जेथून मुंबईकरांनी रोहित प्रथम ओळखले, तोही या हद्दीत नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात या दोषाची फळे उघडपणे दिसली. डीपीएस तळ्यात भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्याने ते आटू लागले आणि तेथे रोहित एकामागून एक मृत वा जायबंदी आढळले. त्यानंतर २० मे रोजी रात्री घाटकोपरवर मुंबईत उतरणाऱ्या एका विमानाची थव्याला धडक बसून चाळिसाच्या आसपास रोहित मरून पडले. वस्तीच्या गल्ल्यांत, घरांच्या आसपास त्यांची कलेवरे गोळा करावी लागली. विमानाचा मार्ग चुकला की पक्ष्यांचा, हा वाद बराच चालला. पक्षी सुरक्षित विसाव्याअभावी अकारण आणि अवेळी उडत राहिले तर असे प्रसंग वाढतील, हे सांगण्यास मात्र पक्षिशास्त्राची पदवी लागत नाही. आणि खाडीपासून अनतिदूर नवी मुंबईत मुंबईचे दुसरे विमानतळ उभे राहिल्यावर तर पाणथळे राखणे हा पक्षिप्रेमाइतकाच विमानप्रवाशांच्या सुरक्षेचाही भाग झाला आहे. पाणथळे बुजवली म्हणजे पक्षी निघून जातील आणि आकाश मोकळे होईल, असा एक युक्तिवाद अधूनमधून कानी पडतो. पक्षी निघून जात नाहीत, ते अधिक उडतात.

मोठ्या बांधकामांची यादी लांबवीत नाही. शिवडी ते न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटरांचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. तो शिवडीच्या चिखलपट्ट्यांवरूनच जातो आणि तेथे त्यास आवाज अडविणारे अडसर लावले आहेत. अहमदाबादला जाणाऱ्या द्रुतगती रेल्वेचा बोगदा, सुमारे २१ किलोमीटरांपैकी ७ किलोमीटर, खाडीच्या तळाखालून नेला जात आहे, म्हणजे निदान खांबांचे अतिक्रमण तरी टळले. या कामांत पक्ष्यांचा विचार झाला, असे म्हणता येते. अधिक चिंता वाटते ती मिठागरांची. मुलुंड, भांडुप आणि कांजूरमार्ग येथील सुमारे २५६ एकर मिठागर जमीन धारावीच्या पुनर्वसनातील घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. घरे हवीत हे कोणी नाकारणार नाही; परंतु पावसाळी पुराचे पाणी साठविण्याचे आणि भरतीला पाखरांना उभे राहण्याचे जे दुहेरी काम ही सपाट, निरुपयोगी दिसणारी जमीन फुकट करीत आली त्याची किंमत या व्यवहाराच्या हिशेबात कोणत्या रकान्यात धरली आहे, हे स्पष्ट झालेले नाही. खाडीकाठच्या जमिनीवर ‘पडीक’ हा शेरा मारणारी जुनी लेखणी अजून पुरती मोडलेली नाही, हेच खरे.

आणखी एक अडचणीचा प्रश्न उरतो, जो संवर्धनवादी मंडळी सहसा टाळतात. मुंबई महापालिकेने सांडपाणी शुद्धीकरणाचे सात नवे प्रकल्प हाती घेतले आहेत, एकूण क्षमता दररोज २,४६४ दशलक्ष लिटर. त्यांपैकी भांडुपचा आणि घाटकोपरचा हे थेट या खाडीशी संबंधित. ते पूर्ण क्षमतेने चालले तर खाडीत जाणारे खत घटेल, शैवाल विरळ होईल, आणि धाकटे रोहित कदाचित दुसरीकडे पंगत शोधतील. तसे झाल्यास वृत्तपत्रांत हळहळ व्यक्त होईल आणि अभयारण्य अपयशी ठरल्याचा बोभाटा होईल, याविषयी मला संशय नाही. माझे मत उलट आहे : एक लाखाच्या जागी तीस हजार रोहित आले, परंतु चिखलात निवटी परतली, खडकांवर कालवे धरू लागली आणि टिलव्या-तुतवारांचे थवे दाट झाले, तर ते अभयारण्याचे यश मानले पाहिजे, मग त्याच्या नावातला पक्षी थोडा रुसला तरी चालेल. अर्थात रोहितांनाच केंद्रस्थानी ठेवून तिकिटे, महोत्सव आणि भिंतीवरची चित्रे यांची जी आखणी झाली आहे तिला हे मत मानवणार नाही.

तूर्त तरी तातडीचे काम वेगळे आहे, आणि ते भरतीच्या जागांचे. नेरुळच्या डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास राज्य वन्यजीव मंडळाने २०२५ साली मान्यता दिली. तीस एकरांच्या या तळ्यासाठी स्थानिक रहिवाशांनी, त्यांतही शेजारच्या इमारतींतील गृहिणींनी आणि निवृत्तांनी, जो पाठपुरावा केला तो दाद देण्याजोगा आहे. एनआरआय संकुलामागील पाणथळावरील गोल्फ मैदानाच्या योजनेस उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रतिबंध केला, तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. पाणजे येथील प्रकरण जवळजवळ तीनशे हेक्टरांचे, आणि तेथील पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवण्याचा आग्रह मच्छीमार व पक्षिमित्र दोघेही धरून आहेत. या जागांची मालकी कोणाची, त्यांचा विकास आराखड्यातील शेरा काय आणि त्यांना पाणथळ म्हणावयाचे की भूखंड, या तीन प्रश्नांवर महसूल, नगररचना आणि वन या खात्यांचा पत्रव्यवहार चालू आहे. आणि खाडीला उधाण तर दर पंधरवड्याला येतेच.